बारावं यंत्र

"हात पोचतो का बघा," असं म्हणत सर शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारायचे आणि बंद यंत्राच्या तोंडात उजवा हात काखेपर्यंत घालायचे. त्याआधी मोटारीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. मग डोळे मिटून आत बोटं हलवून बघायची. पात्याला बोट लागलं नाही की चेहरा असा खुलायचा, जसं काही पोरगं पास झालं.

सर जालन्याच्या एका तांत्रिक कॉलेजात शिकवायचे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाकडून कॉलेजांना पत्र आलं होतं की पोरांना नोकरीमागे न पळवता धंद्याला लावा. बाकीच्यांनी ते फायलीत लावलं. सरांनी सायकल स्टँडची निम्मी जागा मागून घेतली, पत्र्यावर स्वतः रंगवून 'विद्यार्थी उद्योग केंद्र' अशी पाटी लावली आणि कामाला लागले.

कोणी पोरगा म्हणाला, सर, मी सरबताचा कारखाना काढतो, की सर विचारायचे, "बाटल्या कोण धुणार? हात पोचतो का बघा." पोरं त्यांच्या मागं नक्कल करायची. कँटीनमध्ये शेवटचा वडा उरला की एकमेकांना सांगायची, "हात पोचतो का बघा!" सरांनी ऐकलं तर तेही हसायचे. "धंद्यात हात पोचला पाहिजे," म्हणायचे, "यंत्रात पोचता कामा नये."

माझी अंबड रोडला फॅब्रिकेशनची शेड. मी दुसऱ्याकडं वेल्डिंग करत करत वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण जात नाही. सर पत्रा कापून घ्यायला आले तेव्हा मी भाव सांगितला. ते म्हणाले, "बरं."

माझं डोकं फिरलं. "सर, बरं काय? आता तुम्ही कमी सांगायचं असतंय!"

"असं का? मग किती कमी सांगू?"

अशा माणसाशी काय भांडणार? त्या दिवसापासून आमचं जमलं. सरांनी आणि पोरांनी कडबा कुट्टीचं यंत्र बनवलं होतं. एका तोंडातून वैरण सारायची, आत पाती फिरतात, दुसरीकडून बारीक कुट्टी पडते. यंत्र हलकं होतं, एका बाईला ढकलता येईल असं. बारा नग माझ्या शेडमध्ये करायचे, विकायचे पोरांनी, असं ठरलं. पोरांचा म्होरक्या ज्ञानोबा, आष्टीचा. बांबूसारखा उंच, दारातून वाकून आत येणारा.

सरांची एकच अट होती. तोंडाचा पत्रा त्यांच्या हातापेक्षा चार बोटं लांब हवा. वैरण अडकली आणि कोणी आत हात घातलाच, तरी तो पात्यापर्यंत जाऊ नये. त्यांनी नमुन्याच्या यंत्रात हात घातला, डोळे मिटले, खूश झाले.

इथं एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. सर बुटके होते. माझ्या खांद्याला लागायचे.

ते गेल्यावर मी माझा हात घालून बघितला. मधलं बोट पात्याला टेकलं. गार लागलं. मी हात बाहेर काढून पँटला पुसला. सरांच्या मापानं एका पत्र्यात चार तोंडं बसत होती. वीतभर वाढवलं तर दोनच बसली असती आणि उरलेला पत्रा भंगारात. मी मनाशी म्हणालो, काखेपर्यंत हात घालायला कोण मोकळं बसलंय? आणि बाराही तोंडं त्याच मापानं वाकवली.

अकरा यंत्रं पोरांनी ओळखीपाळखीत विकली. बारावं मी अंबडच्या बाजारात विकलं. गिऱ्हाईक पक्कं होतं. तासभर माझ्याशी झुंजलं, दोनदा निघून जाऊन परत आलं. मला इतकी मजा आली की मी त्याचं नावगाव विचारलं नाही. बैलगाडीत यंत्र घालून ते गेलं.

पुढं महिन्याभरात जाफराबादकडच्या एका गावात ज्ञानोबा गिऱ्हाइकाला यंत्र चालवून दाखवत होता. ओला मका तोंडात अडकला. त्यानं हातानं रेटला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून थेट माझ्याकडं आले. शेडमधल्या नमुन्याच्या यंत्रात हात घातला. काढला. पुन्हा घातला.

"पोचत नाही हो," म्हणाले. "मग त्याचा कसा गेला?" आणि लगेच, "सगळी यंत्रं परत मागवू. घरोघर कळवू."

माझ्याकडं तेव्हा आणखी यंत्रांच्या ऑर्डरी होत्या. माझा तोल गेला. "परत कशाला? तुमचा हात आखूड, त्याला मी काय करू! माझा तर पहिल्याच दिवशी पोचल्ता!"

वेल्डिंगवाला थांबला. सर माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होते.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

मी म्हणालो, तुम्ही विचारलं नाही.

त्यानंतर सर रजा टाकून गावोगाव फिरले. एसटीत बसून, पिशवीत वीतभर लांबीचे पत्र्याचे जोड, रिव्हेट आणि हातोडी घेऊन. प्रत्येक यंत्राच्या तोंडाला जोड मारायचे आणि मालकाला सांगायचे, "चूक माझी. माप माझ्या हाताचं घेतलं." माझ्या ऑर्डरी एकेक करून गेल्या. कॉलेजनं केंद्र बंद केलं, तिथं परत सायकली लागल्या. आणि एवढं होऊन त्या माणसानं कुठंही माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी भांडलो असतो. त्यांची गचांडी धरली असती, मोकळा झालो असतो. हा राग माझा आजही आहे. लोकांनी त्यांना दोष दिला आणि मला "बिच्चारा, मास्तरच्या नादी लागला" म्हणाले.

अकरा यंत्रांना जोड लागले. बारावं राहिलं. अंबडच्या बाजाराच्या दिवशी सर माझ्या शेडच्या दारात यायचे.

"काही आठवलं का?"

"न्हाई आठवत! कितीदा सांगू?"

"बरं," म्हणायचे आणि बाजारात जाऊन बैलगाड्यांजवळ चौकशी करत बसायचे. कितीतरी वर्षं हे चाललं. त्यांचे केस पिकले, चालणं मंदावलं, तरी प्रश्न तोच. मला खरं म्हणजे एक गोष्ट आठवत होती. पहिल्या दिवसापासून आठवत होती. ती मी त्यांना सांगितली नाही, कारण ते घाबरले असते. किंवा मी घाबरलो होतो. त्या गिऱ्हाइकाशी भाव करताना मला मान वर करून बोलावं लागत होतं.

एका उन्हाळ्यात सर यायचे बंद झाले. ज्ञानोबा आला. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, आठ बोटांवर. सर गेल्याचं त्यानं सांगितलं आणि एक पत्र्याचा जोड माझ्या टेबलावर ठेवला. "सर म्हणल्ते, हा तुम्हाला द्यायचा. बाकी काही बोलले न्हाईत."

जोड माझ्या जीपमध्ये असतो, सोबत रिव्हेट. अंबड तालुक्यातली निम्मी गावं मी पालथी घातलीत. लोक विचारतात, शेठ, इकडं कुठं? मी म्हणतो, पत्र्याचं काम निघालंय.

मागच्या आठवड्यात एका पांदीनं जात होतो. उभ्या ज्वारीपलीकडून कुट्टीचा आवाज आला. आमच्या यंत्राचा आवाज मी झोपेतही ओळखीन, हलक्या बांधणीमुळं त्याचा पत्रा थरथरतो. जीप थांबवली, जोड उचलला आणि ज्वारीत शिरून हाका मारत निघालो. "ओ मालक! थांबा जरा! बंद करा ते!"

बांधाला पोचलो आणि आवाज मधेच थांबला.