दोन पॅड आणि एक पिशवी

"दोनच पॅड बदलले," पेशंटच्या सासूबाई म्हणाल्या आणि मी तसंच लिहून घेतलं.

त्यांची सून रेखा पांडेसऱ्याच्या एका नर्सिंग होममधून आमच्या आयसीयूत आली होती. मुलगा होऊन चार तास झाले होते. बाळंतपणानंतर गर्भाशय मुठीसारखं आवळलं की रक्त थांबतं. तिचं सैलच पडलं होतं. इंजेक्शनं चालू होती, तरी पल्स एकशे चाळीस, ओठ पांढरेफटक.

मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, हे दोन पॅडचं काम नाही. रक्ताच्या चार बॅगा मागवा."

"दोन मागवल्यात, सिस्टर."

"तीन तरी."

"भाजी घेताय का? अंदाजावर बॅगा मिळत नाहीत. आकडा द्या."

एकवीस वर्षं मी बाळंतिणी सांभाळतेय आणि हा मला अंदाज शिकवतो. तणतणत बाहेर आले. सासूबाई बाकावर होत्या. मला बघून त्यांनी साडीच्या दुकानाची एक पिशवी पायाने मागे सारली.

"काय आहे त्यात?"

"घरनं शे." घरचंच आहे म्हणे.

मी पिशवी उचलली आणि मनगट वाकलं. आत जुन्या सुती साडीचे तुकडे, घट्ट गुंडाळलेले, रक्ताने निथळणारे.

"मावशी, दोनच म्हणालात ना?"

"तुम्ही पॅड इचारात. ह्या तं फडका शेतस. कोनी नजर पडाले नको, म्हनीसन ठेवात."

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. मीच चुकीचं विचारलं होतं. मी, त्यांच्याच बोलीतली, धुळ्याची; आमच्याकडे फडकीच वापरतात हे ठाऊक असून.

बाळांचा वजनकाटा आणला. सगळे तुकडे मिळून दोन किलो. एक कोरा तुकडा उरला होता, त्यावरून सगळ्या कापडाचं कोरं वजन काढलं, चारशे ग्रॅम, आणि ते वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त.

"सोळाशे," मी म्हणाले. "घ्या आकडा."

डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा वाचला. मग स्वतःच फोन उचलून म्हणाले, "आणखी चार बॅगा."

गर्भाशयात फुगा भरून आतून दाब दिला. रक्त चढत राहिलं. संध्याकाळी पल्स शंभराच्या खाली आली. गर्भाची पिशवी काढावी लागली नाही, गर्भाशय वाचलं. रेखाने पाणी मागितलं.

फाईलमध्ये डॉक्टरांनी लिहिलं, 'रक्तस्राव सोळाशे, वजनानुसार.' वजन कोणी केलं, ते लिहिलं नाही.

आता मी पॅड किती, असं विचारत नाही. फडकी किती आणि ठेवलीत कुठे, ते विचारते.