शनिवारचा नैवेद्य आणि आमचे साडू

मी मोजूनमापून बोलणारा माणूस आहे, तरी छातीठोकपणे सांगतो: आफ्रिकेतल्या वानरांच्या पोटातल्या जंतांपायी झोप उडालेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, तो म्हणजे आमचे थोरले साडू. ते शेवगावात गुरांचे डॉक्टर. कुणाकडे जेवायला गेले की यजमानांच्या मुलांची नखं आधी तपासत. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला विचारत, "गोरिला किती थोडे उरलेत, कल्पना आहे?" तो बिचारा जिलबीच्या वाढप्याकडे बघत असे. "माणूस त्यांच्या रानात शिरतो, झाडाआड बसतो आणि आपले जंत त्यांना देऊन येतो. आधीच मूठभर, त्यात कळपच्या कळप खंगला तर?" शेजाऱ्याची जिलबी पानातच राही. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणे, "आधी पंगत उठू द्या, मग गोरिला वाचवा."

बहात्तर साली शेवगावात सर्कस आली आणि ही काळजी त्यांच्यासमोर पिंजऱ्यात येऊन बसली. राजू नावाचा चिंपांझी होता. एरवी सायकल चालवणारा, पण आता पोट धरून कोपऱ्यात बसे. बरगड्या वर आलेल्या. शनिवारी साडू मला घेऊन गेले, तर पिंजऱ्यापुढे बायांची रांग. आजारी लेकराचा हात लावून नैवेद्य मारुतीला द्यायचा, म्हणजे पीडा जाते, ही तिथली रीत. वेशीतला मारुती दगडाचा. हा तर बायांच्या लेखी जिवंत मारुती, हात पुढे करून घ्यायचा. पोट फुगलेल्या पोराचे हात गूळफुटाण्यांत बुडवून एक बाई पुढे झाली, तसे साडू हात पसरून आडवे आले.

"सरका की डाक्टर! लेकराची पीडा जाऊ द्या त्याच्याकडं."

"जाते ना बाई, खरंच जाते! म्हणून तर भांडतोय!"

"मंग बरंच हाय की."

मला हसू फुटलं, पण साडू हात पसरूनच म्हणाले, "त्याच्यात जाते, पण पोरातनं निघत नाही. दोघंही खंगतील. पोराला मी औषध देतो. नैवेद्य वेशीतल्याला दाखव, त्याच्या पोटात जंत होत नाहीत."

बाईनं पोराला पोटाशी धरलं. "आन् ह्यो उपाशी ऱ्हाईल?"

"ह्याला मी घालतो खायला."

"हात धुऊन घाला म्हंजे झालं," ती म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

त्यानंतर साडू रोज जाऊन पिंजरा स्वतः धूत, केळ्यातून औषध देत. सर्कसवाल्यालाही राजू उभा राहायला हवाच होता. घरी मात्र साडूंना घास उतरेना, अक्का म्हणे, "औषध त्याला आणि पथ्य ह्यांना." हळूहळू राजू उठला, सायकलवर बसला.

सर्कस श्रीगोंद्याकडे निघाली त्या दिवशी साडूंनी त्याला शेवटचं केळं दिलं. त्यानं अर्धं खाल्लं आणि उरलेलं गजांतून त्यांच्यापुढे धरलं. जन्मात कुणाच्या उष्ट्याला न शिवलेल्या या माणसानं ते घेतलं. खाल्लं नाही, टाकलंही नाही. गाड्या दिसेनाशा झाल्या तरी ते तसेच उभे होते.

"बरा झालाय की आता," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "पण साडूभाऊ, श्रीगोंद्यातही शनिवार येणारच हो."