मामींची जर्मनची गलोल

बीदरला आमची ओतशाळा आहे. पंपाच्या पुल्या, मोटारीची झाकणं, असलं रोजचं काम. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंनी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. जावयाच्या दारी काम घेऊन जाऊ नये, असं त्यांचं मत. म्हणून मागच्या हिवाळ्यात त्या सकाळच्या गाडीनं बीदर जिल्ह्यातल्याच मेहकरहून एकट्याच आल्या आणि थेट भट्टीपुढं उभ्या राहिल्या, तेव्हा मी हातातली पुली टाकून पुढं धावलो.

“मामी, घरी समदं बरं हाय न्हवं?” आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात.

“बरं हाय की. ह्ये बघा.” त्यांनी पिशवीतून बाभळीचं बेचकं काढलं. “असंच जर्मनचं करून द्या.”

जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. पण गलोल? डोक्यावरचा पदर कधी न ढळलेल्या बाईला?

“कामून वो मामी?”

“माकडं लई झाल्यात. लाकडाची मोडायलीत.”

मी काही बोलायच्या आत आमचे म्हातारे उस्ताद पुढं झाले. त्यांनी बेचकं हातात फिरवून बघितलं. “अम्मा, निशाना कैसा है?”

“तुमी बनवा तर. मग दाखवते.”

उस्तादांना एवढं पुरे झालं. पुल्या बाजूला पडल्या. त्यांनी बेचक्याची साल तासून ते गुळगुळीत केलं, पेटीतल्या ओल्या रेतीत निम्मं दाबलं, वर खडूची भुकटी भुरभुरवली, दुसरी पेटी ठेवून रेती ठोकून भरली. पेट्या उघडून बेचकं अलगद काढलं, की रेतीत त्याचा पोकळ आकार उरला. मामी लेकीचं बाळंतपण बघावं तशा वाकून बघत होत्या. मुशीत फुटके कुकर वितळले होते. रस ओतला. थोड्या वेळानं रेती फोडली, तर बेचक्याचं एक शिंग पुरतं आणि दुसरं निम्मंच.

“ह्यो तर मोडक्या शिंगाचा बैल झाला,” मामी म्हणाल्या. सगळी ओतशाळा हसली. उस्ताद जास्तच हसले.

रस थंड पडला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी तो चांगला तापवला, रेतीत सुईनं हवेची भोकं पाडली, आणि दोन्ही शिंगं भरून आली. कानशीनं घासली, सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं. मामींनी अंगणात उभं राहून पदर खोचला, एक डोळा मिटला. कुंपणावरचा तेलाचा रिकामा डबा ठणकन उडून पलीकडं पडला. दारात आलेलं गिऱ्हाईक खालीच बसलं.

“या अल्ला,” उस्ताद म्हणाले.

संध्याकाळी बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “माकडं? आवो, आमच्या गावात माकडं हायेत कुठं?”

रविवारी आम्ही मेहकरला गेलो. दोन्ही वाड्यांमधल्या कुंपणाला लागून चुलतसासऱ्यांची चिंच आहे. झाड त्यांचं, पण निम्म्या फांद्या मामींच्या अंगणावर. दोन्ही घरांत जुना ठराव होता : खाली पडेल ते ज्याच्या अंगणात त्याचं, झाडाला मात्र हात लावायचा नाही. आम्ही पोचलो तेव्हा मामी गलोल ताणून उभ्या होत्या आणि टोपलं निम्मं भरलं होतं.

“मामी, ठरावाचं काय?”

“म्या हात लावला व्हय झाडाला?”

पलीकडून चुलतसासरे ओरडले, “वैनी, ही चोरी हाय!”

“न्हाई वो भावजी. आपसुक पडायलीत. म्या नुसती उभी हाय.”

मी घरात सटकलो. गलोल कुणी ओतली हे विचारलं जाणार, ही भीती होतीच. ती खरी ठरली, पण वेगळ्या तऱ्हेनं. चैत्रात चुलतसासरे ओतशाळेत आले. मी उठून उभा राहिलो, माफीचे शब्द जुळवू लागलो.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “जावई, त्योच साचा हाय न्हवं? मलाबी एक करा. वैनीच्या आंब्याच्या फांद्या आमच्याकडं वाकल्यात.” मग आणखी हळू : “जरा मोठी.”

“मोठी नक्को,” मागून उस्ताद म्हणाले. “बराबरी की लढाई होना.”

तशीच केली.

त्या उन्हाळ्यात मेहकरला गेलो की ऊन उतरल्यावर दोन्ही अंगणांत शेजारीपाजारी जमलेले असत. इकडं चिंचा पडायच्या, तिकडं कैऱ्या. नेम चुकला की दोन्हीकडून टाळ्या. एकदा एक कैरी कुंपणावरच आदळून फुटली, अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

“जावई, तुमी बघितलाव,” मामी म्हणाल्या. “कुणाची?”

“सांगा की,” चुलतसासरेही म्हणाले.

त्या दिवशी सकाळचं जेवण मामींकडं झालं होतं आणि रात्रीचं आमंत्रण चुलतसासऱ्यांचं होतं, पुरणपोळीचं. मी डोळे चोळले.

“मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं, दिसलं न्हाई बघा,” म्हणालो, आणि चपला घालून गावाबाहेर फिरायला निघून गेलो.