सुजाताचं अ‍ॅप आणि कंपनीचं नाव

मित्रांनो, आज कॉलेजात जे घडलं, ते सांगतो.

मी वाशिमच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी आमच्याशी करार केलेल्या कंपनीचे साहेब आज बाजारातल्या सोयाबीनची आवक सांगणारं नवं अ‍ॅप दाखवायला आले होते.

माझी विद्यार्थिनी सुजाता उठून साहेबांना म्हणाली, "सर, हे तं मीच बनवलं, तुमच्याकडं इंटर्नशिपमधी. माझं नाव काहून नाही?"

साहेब हसले. "करारानुसार इंटर्नचं काम कंपनीचं असतं."

मी म्हणालो, "निदान नाव तरी द्या." प्राचार्यांनी मला खाली बसवलं.

संध्याकाळी तिच्या गावच्या, मेडशीच्या एसटीत चढताना सुजातानं विचारलं, "सर, आता मुलाखतीत मी काय दाखवू जी?"

उद्या पुढची बॅच त्याच कंपनीत पाठवायचीय. तुम्ही पाठवली असती का?