कोंबडीच्या पंखाखालचा तडा

त्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाणं घेऊन बसलो. अमेरिकेचा चांदीचा अर्धा डॉलर, माझ्या पणज्याच्या काळातला. मी भिंगातून बघायचं, बायकोनं पुस्तकातून वाचायचं, ही आमची रीत. मी चौथी शिकलेला, इंग्रजी वाचता येत नाही. पण इथं इंग्लंडात, स्लाऊच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर जन्म गेला, त्यामुळे ठसा कळतो. ऐंशी सालानंतर कारखाना बंद पडला आणि हा नाद लागला. त्या काळी नाणं पाडायच्या ठशावरची एकेक चांदणी, एकेक आकडा हातानं ठोकायचे. ठशाला तडा गेला की तोही नाण्यावर उमटायचा. म्हणून एकाच सालची नाणीसुद्धा सारखी नाहीत. प्रत्येक प्रकाराला पुस्तकात नंबर आहे.

ती इंग्रजी वाचायची मनात, बोलायची घरचं मराठी. नाण्यावरचा गरुड म्हणजे कोंबडी. टोपीवाली देवी म्हणजे बाई.

"चांदणी बाईच्या नाकाकडे बघतेय का?"

"हनुवटीकडे."

"नीट बघा हो. मागे आमटीच्या डागाला तडा म्हणाला होतात."

"तू वाच."

"कोंबडीच्या पंखाखाली तडा?"

"आहे. बारीक, पण आहे."

"मग दोनच नंबर उरले. आता बास, डोळे दुखतायत. उद्या सांगते कुठला ते."

पुस्तकात लोकरीचा धागा घालून ती वाळलेले कपडे काढायला मागे गेली. तिथंच पडली. अँब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं, संध्याकाळी संपलं. लोक म्हणाले, सुखानं गेली. कसलं सुख.

रात्रीच वेम्बलीहून मुलगी आली होती. सकाळी म्हणाली, "बाबा, थोडा चहा तरी घ्या."

मी पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. "वाच."

ती इथंच जन्मलेली. धाग्याचं पान उघडून भराभर इंग्रजी वाचत सुटली.

"मराठीत सांग. कोंबडीचं काय लिहिलंय? दोनच नंबर उरलेत म्हणाली होती तुझी आई."

तिनं पानावरून बोट फिरवलं. "बाबा, इथे चिकन कुठेच नाहीये." हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "इथे खूप नंबर आहेत. आईचे दोन कुठले?"

ते तिच्या आईलाच माहीत.

नाण्याच्या पाकिटावर नंबर बायकोच लिहायची. मी तिची पेन्सिल घेतली आणि मराठीत लिहिलं, चांदणी हनुवटीकडे, कोंबडीच्या पंखाखाली तडा. तेवढंच. पुढचं तिनं विचारलंच नव्हतं.