आत्याचा चार घड्यांचा टॉवेल

आमच्या आत्याला घाई करायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गेली पस्तीस वर्षं ती जुन्या गाड्यांचे, इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्शनचे भाग दुरुस्त करते. मी तिचा भाचा. चाळिशी आली तरी तिच्याच गॅरेजमध्ये, शेजारच्या टेबलावर बसून रोज एकदा तरी बोलणी खातो. बहुतेक वेळा चूक माझीच असते, पण हे मी तिच्यासमोर कधी कबूल करत नाही.

बुधवारी डॉक्टरबाईंची निळी गाडी ओढून आणली. बाईंनी अर्ध्या गल्लीची बाळंतपणं केलीत. माझ्या आईचंही त्यांनीच केलं, आणि आत्या म्हणते की तेव्हाही मी घाईच केली होती.

"नजर चाललीय गं माझी," बाई सरळच म्हणाल्या. "महिनाअखेरीनंतर गाडीला हात लावायचा नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय. रविवारी महिना संपतो. त्या दिवशी सकाळी एक चक्कर मारायचीय, बस्स. जमेल?"

"जमेल," आत्या म्हणाली. अजून बॉनेटही उघडलं नव्हतं.

उघडल्यावर कळलं की प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटून देणाऱ्या डब्यातला प्लंजर अडकलाय. करंगळीपेक्षा बारीक पोलादी दांडी, पण भोकात अशी बसते की मध्ये केसही जाणार नाही. गाडी वर्षभर उभी राहिली, पेट्रोल सुकून डिंकासारखं झालं आणि दांडी जागच्या जागी चिकटली. असा डबा आता कुठे बनत नाही. दांडीवर एक ओरखडा उठला तरी खेळ खलास.

आत्याने डबा खोलून काढला. टेबलावर टॉवेलची चार पदरी घडी घातली, त्यावर डबा उलटा ठेवला आणि सिरिंजने दांडीच्या कडेने क्लीनरचे चार थेंब सोडले. मग हात पुसून दुसऱ्या कामाला लागली.

गुरुवारी चार थेंब. शुक्रवारी चार थेंब. दांडी तसूभरही हलली नाही. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही आमची आत्या मजेत रेडिओ ऐकत होती!

शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला. "झालं का?" एवढंच विचारलं त्यांनी, पण आवाज ऐकून मला भडभडून आलं. मी तडक प्लायर उचलला.

"ठेव तो," आत्या म्हणाली.

"अगं, उद्या रविवार आहे!"

"मला वार कळतात. मागच्या खेपेला प्लायर लावलास तेव्हा काय झालं होतं?"

मागच्या खेपेला दांडी सुटली होती खरी, पण सुटली ती थेट फरशीवर. कड उडाली आणि ती गाडी शेवटी भंगारात गेली. ही गोष्ट आत्या वर्षातून दोनदा तरी काढते.

मी चरफडत प्लायर ठेवला. पण हात कुठले गप्प बसतात? आत्याची पाठ वळताच, नुसतं बघावं म्हणून डबा उचलला आणि सुलटा केला. खालून काहीतरी सर्रकन निसटलं.

आवाज मात्र झाला नाही. दांडी टॉवेलवर पडली होती, नव्यासारखी चकचकीत.

"सुटली का?" आत्याने मान न वळवता विचारलं.

"हो."

"मला वाटलंच, आज दुपारी सुटेल. आणि तू डबा उचलशील, हेही."

मला रागही आला आणि हसूही. एवढी खात्री माणसाला असावी तरी कशी?

रविवारी सकाळी एका चावीत गाडी सुरू झाली. बाईंनी आत्याला शेजारी बसवलं, मी मागे. नदीकाठच्या रस्त्याने गेलो, पुलावरून वळलो. बाई ताठ बसून चालवत होत्या, एकही गिअर चुकला नाही. गॅरेजपाशी आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"चढावर जराशी अडखळते गं."

"सोमवारी घेऊन या, बघते," आत्या सवयीने बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पस्तीस वर्षांत तिला चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी किल्ली तिच्या मांडीवर ठेवली.

"मी कशी आणणार? तूच घेऊन येत जा मला."

आत्याने खिशातून टॉवेल काढला आणि आधी डोळे पुसले, मग किल्ली.