झिंगे मी रांधले होते

काका दारातच थांबले. चपला काढल्या नाहीत. नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "अहो, काय शिजवलंय काय हे?"

काका म्हणजे माझे घरमालक. राहायला कर्वेनगरला. वाघोलीतला हा फ्लॅट त्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेला, आणि मी भाड्यानं घेतलेला. एसीसकट. तो एसी थंड करत नव्हता म्हणून त्यांना बोलावलं होतं. फेब्रुवारीपासून मी बोलावत होते. ते आले एप्रिलमध्ये, रविवारी दुपारी, न कळवता.

आत कॉटवर आई बसली होती. काळा गॉगल लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यात घाम जाऊ देऊ नका, थंड खोलीत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचं घर शेवटच्या मजल्यावर. वरून स्लॅब तापलेला, आणि एसी नुसता घरघरत गरम हवा फेकणारा. मी तिच्या कपाळावरचा घाम सुती रुमालानं टिपत होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

"हेच ते कारण," काका म्हणाले. "असले वास आत कॉइलमध्ये बसतात. मशीन खराब होणार नाही तर काय? आणि आपण शाकाहारी आहोत असं म्हणाला होतात."

म्हणाले होते मी. मी घर बघायला आले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. "म्हणजे कुठले आपण?" "चंद्रपूरकडचे." "तसं नाही हो विचारत," असं म्हणून ते हसले आणि पुढचं स्वतःच गिळलं. मग म्हणाले, "फक्त शाकाहारी हवेत. बाकी आम्ही काही पाहत नाही." त्याआधी माझ्या हातची तीन घरं आडनावावरून गेली होती. मी "हो काका" म्हणाले. तेव्हापासून या घरात मी चोरासारखी राहिले. अंडं उकडलं तरी टरफलं पिशवीत बांधून ऑफिसच्या वाटेवर टाकायची.

काकांनी कधी जात काढली नाही. ते सुशिक्षित आहेत. ते वास काढतात.

त्या दिवशी खरंच झिंगे शिजले होते. वांग्यात घातलेले सुके झिंगे, इकडे ज्याला सुकट म्हणतात ते. ऑपरेशनपासून आईला जेवण जात नव्हतं, तोंडाला चव नव्हती. गावाहून येताना तिनं पुडी आणली होती. ती मी काढली, मी भाजली, मी रांधले. दोघी एका ताटात जेवलो. तिच्यापेक्षा जास्त मीच खाल्ले.

आणि एसी? तो फेब्रुवारीतच गेला होता. आई मार्चमध्ये आली. हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं, माझे मेसेज त्यांच्या फोनमध्ये होते. एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणाले, "सॉरी काका. आईला सवय आहे हो. गावाकडची आहे, ऐकत नाही."

पुण्यात शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले. वर थोडं हसलेसुद्धा.

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. दोन्ही हात जोडले. "चुकलं साहेब माहं. आता नाही होनार."

काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "चंद्रपूरला तर शेहेचाळीस असतं म्हणे. तिथल्या माणसांना एसी कशाला लागतो? असो. दुरुस्ती तुमची तुम्ही करून घ्या." आणि गेले.

मी दार लावलं.  गॉगलच्या खालून घामाची धार आईच्या गालावर आली, ती तिनं पदरानं पुसली. मग रागावून नाही, साध्या आवाजात म्हणाली,

"रांधले तं तूनं होते."

जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबून तिनं मला शिकवलं. ते इंग्रजी, ती नोकरी, तो पगार घेऊन मी पुण्यात आले आणि एका उंबऱ्यावर तिलाच पुढे केलं. काकांनी तिचा अपमान केला म्हणणं सोपं आहे. त्यांनी फक्त वास घेतला होता. तिला हात जोडायला मी लावलं. लाज वाटली. स्वतःची किळस आली.

तिथेच फोन लावला. स्पीकरवर टाकला. आईला ऐकू जायला हवं होतं.

"काका, झिंगे मी रांधले होते. आईनं नाही. मी खाते, लहानपणापासून खाते. तुमच्याशी खोटं बोलले ते घरासाठी. पण एसी आई यायच्या आधी बंद पडलाय. एसीसकट घर दिलंय तुम्ही, तेव्हा दुरुस्ती तुमची. उद्या माणूस पाठवा. नाही पाठवलात तर मी बोलावते, आणि बिल भाड्यातून वजा करते."

 पलीकडून काका म्हणाले, "आपण घर रिकामं करा."

"करते. पण तसं लेखी द्या. कारणासकट. वासासाठी काढताय की आडनावासाठी, तेही लिहा."

फोन कट झाला.

आई घाबरली. "काऊन बोलली असं? आता कुठं जाऊ आपन?" 

दुसऱ्या दिवशी काकांकडून कुणी आलं नाही. मी माणूस बोलावला, एसी सुरू झाला, बिल भाड्यातून कापलं. खोली गार झाली. आईचा डोळा वाचला. पण तिनं जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, आणि जाऊही नयेत. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. माफी मिळाली तर मी सुटेन, आणि मला सुटायचं नाही.

त्यांचं पत्र येईल, घर जाईल. पुढचं घर कदाचित मिळणारही नाही. तरी यापुढे दारात कुणीही उभं राहो, मी आईच्या आड लपणार नाही.